मोर्च्यानंतरची वंदना

माय,

तू गेल्याला एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुला काही लिहावं असं कधी वाटलं नाही. तुला वाचता यायचं ते फक्त बुद्धवंदनेचं पुस्तक, तेही अर्धं पाठ आणि अर्धं बोट ठेवून. आज दुपारी घरात कुणी नाही. तुझी सून नातवाला सांभाळायला लेकीकडं पुण्याला गेली आहे, तिला जाऊन आता चौथा महिना. माझी वाळूजच्या कारखान्यातली नोकरी संपली. सकाळपासून मी दूधवाल्याशी तेवढा बोललोय, म्हणून लिहायला बसलो.

हंडा मोर्च्याचा तो उन्हाळा मला सारखा आठवतो. तू तेव्हा एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायचीस. त्या दिवशी खाडा करून, गल्लीतल्या बायकांना गोळा करून तू पाण्याच्या कचेरीवर गेलीस, डोक्यावर रिकामा हंडा. पुढं घोषणा द्यायला आपल्याच वस्तीतला पुढारी. तो तुला आक्का म्हणायचा, आपल्या चुलीपुढं बसून भाकरी खायचा. तुमच्या दारात नळ आल्याशिवाय मी गप बसणार नाय, असं तो त्या दिवशी छातीवर हात मारून बोलला, आणि तू खरं मानलंस. दोन महिन्यांत तो ज्यांच्या विरोधात ओरडत होता त्यांच्याच गाडीतून वस्तीत उतरला. नळाची लाईन आली, पण पलीकडच्या गल्लीत. पोरांनी त्याचा फलक जाळला. रॉकेल मी ओतलं होतं, हे तुला तेव्हाच कळलं होतं. माझ्या शर्टाला वास येत होता.

तू मात्र पौर्णिमेला अंघोळ करून, गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं ते पांढरं लुगडं नेसून विहारात गेलीस. विहार म्हणजे तेव्हा चार पत्रे आणि एक सतरंजी. मी दारात उभा होतो. थोड्या वेळानं तो पुढारीही आला, मान खाली घालून. सगळ्या बायका अंग चोरून बसल्या. तू सरकलीस, त्याला सतरंजीवर जागा केलीस आणि आपल्या हातातली मेणबत्ती त्याच्या हातात दिलीस. मी तिथून तडक घरी आलो. तू येईपर्यंत नुसता धुमसत होतो.

"लाज नाय वाटली तुला? आन् वंदनेनं नळाला पाणी येणार हाय का?"

तू परातीत ज्वारीचं पीठ मळायला घेतलं होतंस. हात न थांबवता म्हणालीस, "नाय येणार."

"मग कशाला जातीस?"

"मागायला नाय जात मी. मागायचं ते कचेरीत मागायचं." पिठाच्या बोटांनी तू छाती थापटलीस. "पर हितं त्याच्यावरचा राग लई साचलाय. तसाच घेऊन गेले तर सायबापुढं नुसती रडंन. मला तिथं बोलायचंय."

"आन् मेणबत्ती त्याच्याच हातात?"

"विहार काय माझ्या बापाचा हाय?"

पुढच्या सोमवारी तू पुन्हा कचेरीत गेलीस. सोबत तिघीच. मग दर सोमवारी, कँटीनमधली पाळी बदलून घेऊन, कधी दोघी, कधी तू एकटी. साहेब जेवायला गेलेत, असं तुला किती वेळा ऐकावं लागलं असेल! वर्ष उलटून गेल्यावर आपल्या गल्लीत लाईन आली. फीत त्याच पुढाऱ्यानं कापली. तू गर्दीच्या मागं, ड्रम धरून उभी. मी विचारलं, "राग नाय आला?" तू म्हणालीस, "आला की. पर पानी बी आलं," आणि ड्रम नळाखाली सरकवलास.

माय, आता माझं सांगतो. विहाराशेजारच्या मोकळ्या जागेवर पोरापोरींसाठी अभ्यासिका व्हावी म्हणून आम्ही दहा-बारा जण तीन वर्षं झटलो. सह्या गोळा केल्या, नकाशा काढून घेतला. ज्याला नगरसेवक म्हणून निवडून आणलं त्यानं मतमोजणीनंतर पक्ष बदलला, आणि त्या जागेवर आता दुकानाचे गाळे उभे राहतायत. सोबतचे एक एक करून पांगले. एक जण त्याच्याच मागं गेला. एक म्हणतो सगळे सारखेच. आमच्या ग्रुपवर आता फक्त सकाळचे फुलांचे फोटो येतात.

मी विहारात जायला लागलो. आता तिथं फरशी आहे, पंखे आहेत. रोज संध्याकाळी एका कोपऱ्यात बसतो, डोळे मिटतो. सुरुवातीला त्या माणसाचा चेहरा समोर यायचा आणि दात आवळले जायचे. हळूहळू तो यायचा थांबला. छातीतलं सगळं निवलं. मला वाटलं, तुला जे साधलं होतं ते मलाही साधलं. लोक म्हणतात, काका किती शांत झाले. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

गेल्या आठवड्यात वंदना संपल्यावर मागच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई माझ्याजवळ आली. तिच्या दोन्ही मुली स्पर्धा परीक्षेसाठी विहाराच्या पायरीवर बसून वाचतात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जुने कागद, आमचेच.

"काका, गाळ्यांच्या वरचा मजला तरी अभ्यासिकेला द्या म्हणून अर्ज टाकतोय. सोमवारी येता का? तुम्हाला सगळं म्हाईत हाय. आम्ही तिघीच हाव."

तिघीच, हे ऐकलं आणि तू डोळ्यांपुढं उभी राहिलीस. तरी मी पुन्हा डोळे मिटल्यासारखे केले. म्हणालो, "बाई, माझे गुडघे धरलेत. जिने चढवत नाहीत आता. मी इथं तुमच्यासाठी वंदना करतो."

ती वाईट वाटल्यासारखी माझ्या पायांकडं बघत राहिली. "बरं, जपा काका," म्हणाली, आणि मला उठायला हात दिला. मी तो धरून उठलो.

सोमवार होऊन गेला. त्यांचं काय झालं ते मी विचारलेलं नाही. दोन दिवस विहारातही गेलो नाही. हा कागद कुठं टाकायचा? घडी करून तुझ्या वंदनेच्या पुस्तकात ठेवीन.

माय, माझे गुडघे चांगले आहेत.