फळी उचल, तूच म्हणाला होतास

बाबा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आपल्या मिठागरावर इमारती उभ्या राहिल्या, तरी गोडदेव गावातल्या आपल्या स्वयंपाकघरातली ती सकाळ माझ्यासमोर तशीच आहे. साल सत्तर उलटून गेलंय. तू चुलीपाशी बसून कोरा चहा पितोयस. आई लवकर गेली, भाऊ नाही, म्हणून मिठाचं सगळं काम तू मलाच शिकवलंयस. पाणी जिभेवर घेऊन किती मुरलंय ते ओळखणं, बांध कुठे मऊ झालाय ते पायाने समजणं. "माझ्यामागं मिठागर हीच बघल," असं तू गावभर सांगायचास. त्या सकाळी म्हणालास, "आज उधाण हाय. फळी उचल, पाणी आत घे."

"अरे, पण तयार मीठ काढायचंय अजून."

"तुला माझ्यापेक्षा जास्त कळतंय?"

मी गेले, खाडीचं पाणी अडवणारी तोंडाची फळी उचलली. दुपारपर्यंत सगळं मीठ पाण्यात विरघळून गेलं. तू आलास, बांधावर थांबलास. मजूर बायका बघतायत, तुझा पुतण्या बघतोय.

"कोनी सांगितला तुला?"

"तूच. सकाळी, चहा पिताना."

तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. मला ती तेव्हा ओळखता आली नाही. मग तू पुतण्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "मी न्हाय सांगितला. खोटं बोलतेय ही." त्याच संध्याकाळी मिठागर त्याच्या हातात दिलंस. गावात माझं नाव 'मीठबुडवी' पडलं. मी वसईला शाळेत नोकरी धरली, पुढे तिथेच लग्न केलं. तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवला तो तू गेल्यावरच.

तेराव्याला पुतण्या माझ्याजवळ येऊन बसला. "ताई, काकाला मुंबईच्या डॉक्टरकडं मीच नेला होता. मेंदूच्या नळ्या कडक झाल्यात, रक्त कमी पोचतंय, बोलले. मधेच विसर पडंल, चिडंल."

"कधी नेलं होतंस?"

"त्या उधाणाच्या आधीच. तुला न्हाय सांगायचं, अशी शपथ घातलेली. मती चाललीय कळलं तर पोरीच्या नजरेतून उतरेन, बोलायचा."

तू विसरलास याचा राग नाही. रक्तच पोचत नसेल तर माणूस काय करणार? पण त्या बांधावर तुला माहीत होतं, की आपल्या आठवणीचा आता भरवसा नाही. "सांगितलं असेल मी," एवढंच बोलायचं होतं. माझ्या नजरेतून उतरू नये म्हणून तू मला साऱ्या गावाच्या नजरेतून उतरवलंस.

गेल्या महिन्यात माझ्या मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी झाली. मेंदूला रक्त कमी पडतंय म्हणाल्या डॉक्टरीणबाई. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच लेकीला सगळं सांगून टाकलं. तुझ्यासारखं करायचं नव्हतं. संध्याकाळी तिला म्हटलं, गॅस बंद केलाय. ती तरी उठून बघून आली. बंदच होता. "अगं, सहज बघितला," म्हणाली. मला जेवण गेलं नाही.

तेव्हा तुझी भीती मला कळली, बाबा. "आता तरी आजोबांना माफ केलंस ना?" लेकीने विचारलं. मी हो म्हटलं. हा कागद कुठेच जाणार नाहीये, तरी तुला मात्र तेवढं खोटं सांगवत नाही.