सौंदड, चिचगड, कामठा – तिन्ही चालू

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार
आज मी सगळ्यांसमोर माझ्या हाताखालच्या अल्काला झापलं. ऑफिसच्या नोंदवहीत फक्त 'तांत्रिक बिघाड' लिहिलं. चूक खरंच तिची का, मला माहीत नाही. हे तिथे लिहिता येत नाही, म्हणून ही वही.

सिकलसेलच्या साडेचार हजार रुग्णांच्या नोंदी आमच्या संस्थेकडे आहेत. सौंदड, चिचगड, कामठा – तीन केंद्रं, तीन सर्व्हर, प्रत्येकाकडे सगळ्यांची प्रत. एक पडला तर बाकीचे दोन सांभाळतात. शनिवारी अल्काने तिन्ही कंटेनरमध्ये बसवले. म्हणजे प्रत्येकाला त्याची बंद पेटी – मशीन बदललं तरी पेटी उचलून तिकडे ठेवायची. सर्व्हर सुरू करणारी स्क्रिप्ट – आज्ञांची यादी – मात्र माझी, जुनी.

आज तिन्हीकडे तेच. सर्व्हर सुरू होतो, दोन मिनिटांत पेटी बंद.

सचिव ईश्वरदासजींनी सांगून टाकलं – २९ला तुम्ही निवृत्त होणार, त्याआधी काम सलग सात दिवस न अडता चाललं नाही, तर सगळ्या नोंदी नागपूरच्या एकाच सर्व्हरवर हलवू. मग चिचगडची इंटरनेट लाइन गेली की नर्ससमोर कोरा पडदा.

१३ फेब्रुवारी
चिचगडच्या नर्स कलाबाईंचा फोन. "मॅडम, तुमची मशीन उठून रायली अन् लगेच झोपून रायली. काऊन जी?" ठाऊक असतं तर झोपू दिलं असतं का, म्हटलं.

लॉग, म्हणजे सर्व्हरने स्वतः लिहिलेली नोंद, वाचला. एकही चूक नाही. शेवटची ओळ – काम यशस्वी. बिघाड झाला तरच पेटी पुन्हा उठवायची, हे मीच ठरवलेलं. बिघाडच नाही, तर उठवणार कोण!

अल्का म्हणाली, तुमची स्क्रिप्ट एकदा पाहू का. नको म्हटलं. एकवीस वर्षं चालली आहे ती.

१५ फेब्रुवारी
पाहिली. मीच, दार लावून.

शेवटी & हे चिन्ह – सर्व्हरला मागे ढकलून पडदा मोकळा करणारं. ८८ साली कॉलेजात बारा जणींत एक टर्मिनल होतं. काम मागे टाका, जागा सोडा. हाताला तेच वळण. पण पेटी बघते फक्त समोरच्या कामाकडे. माझी स्क्रिप्ट सर्व्हरला मागे ढकलते, 'झालं' म्हणते आणि संपते. समोर कोणी उरत नाही – पेटी बंद, सर्व्हरसकट.

अल्काला सांगितलं नाही. शेवटी एक ओळ वाढवली – नुसतं झोपून राहा, संपू नको. तिन्ही पेट्या चालू!

१७ फेब्रुवारी, शनिवार
कलाबाई. "दिवा हिरवा हाये, पर धुरपताचं कार्ड नाही निघून रायलं." धुरपताला सातवा महिना, अंग ठणकतंय म्हणून आलेली. मागे रक्त चढवताना तिला कसला त्रास झाला, ते त्या कार्डात.

पेटी जागी, आत सर्व्हर मेलेला. समोर माझी झोप बसलेली, म्हणून पेटीच्या मते सगळं ठीक, आणि काम बाकीच्या दोघांकडे वळलंच नाही. कामठ्याचा सर्व्हर जिवंत होता. त्यावरून मी फोनवर कार्ड वाचून दाखवलं. चाळीस मिनिटं गेली. धुरपता सावरली – माझ्यामुळे नाही.

मग अल्काच्या हातात स्क्रिप्ट दिली. तिला चिन्ह लगेच दिसलं. माझ्याकडे बघितलं नाही. "मॅडम, त्याला मागे कायले ढकलायचा? त्यालाच समोर बसवू ना."

चिन्ह गेलं, झोप गेली. स्क्रिप्ट आता शेवटी स्वतःची जागा सर्व्हरला देते. तो मेला तर पेटी मरेल, बिघाड नोंदला जाईल, पुन्हा उठेल. 'बंद हो' म्हटलं तर त्यालाच थेट ऐकू येईल आणि तो हातातलं लिहिणं पुरं करून थांबेल.

१९ फेब्रुवारी
बैठकीत उभी राहिले. झापलं सगळ्यांसमोर, म्हणून सांगतेही सगळ्यांसमोर – चूक माझी होती. बाहेर आल्यावर अल्का म्हणाली, मग नोंदवहीतही लिहा.

लिहिलं.

२२ फेब्रुवारी
चिचगडचा सर्व्हर दुपारी पडला. सहा सेकंदांत उठला. बाकीच्या दोघांनी तेवढं सांभाळलं. कलाबाईंना पत्ताही नाही.

२४ फेब्रुवारी
सात दिवस. काम कुठेच अडलं नाही. नागपूर रद्द! धुरपता घरी गेली.

२९ फेब्रुवारी, गुरुवार
अल्का मेश्राम यांना दिलं: तीन केंद्रांच्या किल्ल्या. स्क्रिप्ट एक, नऊ ओळी (आधी एकेचाळीस). नोंदवही, १२ तारखेची दुरुस्ती धरून. मुख्य पासवर्ड – तो तिने माझ्यासमोरच बदलला. नवा मला माहीत नाही.