विकतची सुकट

मंगळवार संध्याकाळ, नेरूळ

आज जनता दरबारात खाडीकाठच्या कोळीवाड्यातली हिराबाई पुन्हा आली. तिथल्या कोळणींचं मासळी वाळवायचं खळं शहराच्या विकास आराखड्यात उद्यान म्हणून दाखवलंय. आता तिथं कुंपण आहे, आत घसरगुंडी. मी सवयीनं म्हणालो, "बघतो."

"साहेब, तुमी दोन वर्सं बगताय. मी पन कुंपनाबाहेर उबी राहून तेच बगतंय."

लोक हसले. मीही हसलो. का हसलो मी?

तिच्यासमोरच नगररचना अधिकाऱ्याला फोन लावला. म्हणे, आराखडा मंजूर आहे, बदल वरूनच होईल. वर म्हणजे कुठे? विधानसभेत मीच प्रश्न विचारला होता, तर उत्तर आलं, 'तपासून पाहण्यात येईल.' म्हणजे सरकारही बघतंच आहे. आमदार होऊन मी नक्की काय करतो?

जाताना तिनं नेहमीसारखी सुकटीची पुडी टेबलावर ठेवली. नको म्हटलं की रागावते.

घरी बायकोनं पुडी सोडली. वर्तमानपत्राच्या आत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर मार्केटातल्या दुकानाचं लेबल. जन्मभर सुकट विकलेल्या बाईनं ती माझ्यासाठी विकत आणली.

बायकोनं विचारलं, "उद्या चटणी करू का?"

तोंडातून निघून गेलं, "बघतो."