सुधारणार नाहीत

मंगळवार, परळ

‘इम्प्रूव्ह’ हा शब्द अजून डोक्यातून जात नाही. बाबा आता इम्प्रूव्ह होणार नाहीत, असं डॉक्टर इंग्रजीत म्हणाले आणि आईने माझ्याकडे पाहिलं. ‘बरे होणार नाहीत’ हे माझ्या तोंडातून निघेना. मी म्हणाले, "बाबा सुधारणार नाहीत, म्हणतायत."

आई फस्सकन हसली. "त्यात काय नवीन? मंडळात पत्ते कुटणारा माणूस! लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय."

मी हसले नाही. तेव्हा तिला कळलं.

सुधारणे. तिने जन्मभर ज्याची वाट पाहिली, नेमका तोच शब्द का आला माझ्या तोंडी?

बराच वेळ ती बाबांच्या पायांवरची चादर सारखी करत राहिली. मग म्हणाली, "नाही सुधारले तर नाही. आहेत तसे घरी नेऊया गो."