अडीच किलो, दूध-तूप वगळून

७ डिसेंबर, रविवार
इराचा ट्रेक ठरला. २५ ते २९. रतनगड ते हरिश्चंद्रगड, पाच दिवस, चार रात्री तंबूत. वय वर्षे सोळा. विनया म्हणाली, जाऊ दे पोरीला. मी म्हणालो, मी कुठं नाही म्हणतोय. (म्हणणार होतो.)

क्लबचे ऋषिराज सर फोनवर म्हणाले, खाणं ज्यानं त्यानं वाहायचं. माणशी अडीच किलो, वर एक ग्रॅम नको. सकाळ-संध्याकाळ गरम पाणी मिळेल, बाकी स्वयंपाक नाही.

त्यात इरा जूनपासून व्हेगन. दूध, दही, तूप, ताक सगळं बंद. मधसुद्धा. आणि मी बावीस वर्षं दूध डेअरीच्या लॅबमध्ये. बारामतीत लोक यावर हसतात. मी मनावर घेत नाही. आज फक्त दोघांशी भांडलो.

खाण्याची सगळी जबाबदारी मी घेतली. विनया म्हणाली, तुम्ही? मी काटा पुसून ठेवला. काम बोलेल.

८ डिसेंबर, सोमवार
दिवाळीचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. इराच्या वरणात मी तूप घातलं होतं. एक चमचा. औषधापुरतं. पोरगी वाळत चालली होती. तिला चव कळली नसती, पण मी म्हणे टक लावून बघत बसलो होतो. तिनं ताट सरकवलं. म्हणाली, पप्पा, दुधात कुणी पाणी घातलं तर तुम्ही कॅन परत पाठवता. ही भेसळच आहे. मग दोन दिवस खोलीत बसून नुसते शेंगदाणे खाल्ले.

तेव्हापासून माझ्या हातचं काही घेत नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतः भरते.

आज मी तिला शब्द दिला. दूध-तुपाचा थेंब नाही. ती म्हणाली, बघू. म्हणजे होच.

संकल्प: २९ तारखेपर्यंत मीही व्हेगन. चहा काळा.

९ डिसेंबर, मंगळवार
काळा चहा घेतला. डेअरीत दुपारी दुधाचा घेतला, पण तो ड्यूटीवर. ड्यूटीवरचा धरायचा नाही.

११ डिसेंबर, गुरुवार
पहिली यादी तयार. थालीपीठ भाजणी, पिठलं, खिचडी, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, सातूचं पीठ, खजूर, गूळ-दाणे, लोणचं, पापड, अडीअडचणीला तीन किलो तांदूळ. काट्यावर ठेवलं. ११ किलो ४००.

सुरुवात म्हणून वाईट नाही.

१३ डिसेंबर, शनिवार
उपाय सापडला. वजन अन्नाचं नसतं, पाण्याचं असतं. हे लॅबवाल्यालाच सुचणार. पिठलं आणि खिचडी शिजवायची, वाळवायची, डोंगरावर गरम पाणी ओतलं की पुन्हा पिठलं. सकाळी गच्चीवर विनयाच्या जुन्या साडीवर दोन किलो पिठलं पसरलं. (साडी जुनी नव्हती, असं संध्याकाळी कळलं.)

उन्हात छान सुकत होतं. रात्रभर तसंच ठेवतो.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी ६.४०
दव पडलं. पिठल्याचं वजन २ किलो ३००.

विज्ञानात असं होतं.

१६ डिसेंबर, मंगळवार
डेअरीच्या लॅबमध्ये दुधातला पाण्याचा अंश काढायला ओव्हन आहे. दुपारी रिकामाच असतो. दोन ट्रे पिठलं आत सरकवलं. चार तासांत खडखडीत. जगातलं सगळ्यात हलकं पिठलं!

फक्त लसूण जरा जास्त झाला होता. पाच वाजता मॅनेजरसाहेब लॅबमध्ये आले आणि त्यांनी विचारलं, आज कुठल्या रूटच्या दुधाला लसणाचा वास येतोय? मी म्हणालो, तपास सुरू आहे. घरी येऊन पिठल्यावर गरम पाणी ओतलं. अर्धा तास वाट पाहिली. इरानं एक तुकडा दातांनी फोडायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, पप्पा, याची फरशी छान होईल.

पण हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा माझ्या एखाद्या गोष्टीला हसली. त्यामुळे प्रयोग यशस्वी धरतो.

१९ डिसेंबर, शुक्रवार
मुरमुरे! इतके दिवस कसं सुचलं नाही? अडीच किलो आणले. वजन बरोबर बसलं. सॅकमध्ये बसेनात. दोन पोती झाली. विनया दारातूनच परत गेली.

सहा दिवस राहिले. रात्री तीनदा उठून काटा तपासला. काटा ठीक आहे.

२१ डिसेंबर, रविवार
ठरवलं की आपण स्वतः वाहून बघितल्याशिवाय कळणार नाही. सॅक भरून सुप्याच्या माळावर गेलो. योजना: सहा तास चाल, दर दोन तासांनी पन्नास ग्रॅम खाणं. प्रत्यक्षात: चाळीस मिनिटं चाल, नंतर बाभळीखाली बसलो. लांब एक चिंकारा हरीण उभं होतं. ते माझ्याकडे बघत होतं, मी चिवड्याकडे. पाच दिवसांचं खाणं साडेअकरापर्यंत संपलं.

निष्कर्ष: वजन चालता चालता कमी होतं. उपयुक्त माहिती.

घरी सांगितलं की खाणं वाटेत वाटून टाकलं. इरा म्हणाली, कुणाला, हरणांना?

२३ डिसेंबर, मंगळवार
अखेर उत्तर मिळालं, आणि तेही आपल्याच घरात होतं. दशमी! आपली माणसं शेकडो वर्षं प्रवासाला दशमी बांधून गेली. आठ दिवस टिकते, हलकी, वर पाणी प्यायलं की पोट भरतं. बाहेरचे लोक डब्यावर व्हेगन लिहून विकतात. आपल्याकडे डबाच लागत नाही.

डाळजला सारजाआक्काला फोन लावला. माझी थोरली बहीण. तिच्या हातची दशमी म्हणजे विषय संपला. म्हणाली, व्हय रं नीळू, करती की. पर पोरीचं त्ये खान्याचं न्यारंच हाय न्हवं आता? मी तिला पुढं बोलू दिलं नाही. म्हणालो, आक्का, काही बदल करू नको, नेहमी करतेस तशीच कर. या बायका उगाच गोंधळ घालतात.

इराला सांगितलं तेव्हा तिनं दोन-तीनदा माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन बराच वेळ फोनवर होती. मैत्रीण असणार. या वयात मुलांना फोनशिवाय दुसरं काही दिसत नाही.

२४ डिसेंबर, बुधवार
अर्धी रजा टाकून डाळजला गेलो. आक्कानं चौदा दशम्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. मऊसूत. वास असा की गाडी चालवताना दोनदा थांबलो. एकही खाल्ली नाही. भूक फार लागली म्हणून भिगवणला चिलापी मासा फ्राय खाल्ला. दशम्या वाचाव्यात हाच त्यामागचा हेतू होता. व्हेगनपणाला आजचा दिवस सुट्टी.

आक्का निघताना म्हणाली, पोरीला सांग, तिच्या मनासारखं झालंय. मी म्हणालो, माझ्याही.

रात्री आठ वाजता अंतिम मोजणी. दशम्या १ किलो १००, बाकी मेतकूट, चटणी, भाजलेलं बेसन, चिवडा, गूळ-दाणे. एकूण २ किलो ४९०.

दोनदा मोजलं. डोळ्यांत पाणी आलं. चटणीचा खकाणा असावा.

२५ डिसेंबर, गुरुवार
सकाळी सहाला गाडी सुटली. ऋषिराज सरांनी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. इराची उचलून म्हणाले, वा, ही कुणी भरली? इरानं माझ्याकडे बोट दाखवलं. चारचौघांत. बाकीच्या मुलांकडे बिस्किटं आणि नूडल्स. मी मुद्दाम सगळ्या पालकांना ऐकू जाईल असं विचारलं, दशमी वरच्या कप्प्यात आहे ना?

चढताना तिनं पाण्याची बाटली माझ्याकडे दिली. म्हणाली, पप्पा, भरून द्या ना.

गाडी गेल्यावर उगाच एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो आणि परत आलो.

२६ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी ११.२०
लिहितोय, कारण दुसरं काही सुचत नाही.

डेअरीत दूध संकलनाचे आप्पासाहेब आले होते. त्यांना सगळी हकिगत सांगत होतो. दशमीवर आलो तशी त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. म्हणाले, आवो नीळकंठराव, दसमी म्हंजी दुदातच मळत्यात की! पान्यात मळल्याली काय टिकत्या व्हय? तुमी दुधाच्या डेअरीत ऱ्हाता आन् तुमाला ठावं न्हाय?

दुधात.

मला माहीत होतं. लहानपणी आक्काशेजारी बसून पाहिलंय, पिठात दूध ओतताना. हजार वेळा. मी तिला सांगितलं, काही बदल करू नको.

बावीस वर्षं मी दुधातलं पाणी पकडतोय. दशमीतलं दूध हातात घेऊन बारामतीपर्यंत आलो.

दुपारी ३
इराला मेसेज टाईप केला. "दशमी खाऊ नकोस, त्यात दूध आहे, चूक माझी." वाचून बघितला. फार कोरडा वाटला. पुसला. तिला तिथं रेंज नसणार. रेंज नसली तरी मेसेज जाऊन थांबतो आणि नंतर मिळतो, हे मला ठाऊक आहे. पण डोंगरावर पोरीला अचानक असलं काही मिळणं बरं नव्हे. पाय घसरायचा.

आक्काला विचारावं का? समजा तिनं पाण्यात मळली असेल. विचारलं नाही तर ही शक्यता शिल्लक राहते. विचारलं तर संपते. न विचारणंच शास्त्रीय.

२७ डिसेंबर, शनिवार
दुपारी इराचा मेसेज. खाली कुठल्या तरी गावात रेंज मिळाली असावी. जसाच्या तसा उतरवतो: "पप्पा दशमी भारी!! सगळे मागतात, सरांनी दोन खाल्ल्या. थँक यू. दिवाळीचं विसरले मी."

ती ऑनलाइन दिसत होती. चार मिनिटं. आता सांगायचं, एवढंच करायचं होतं.

मी थम्सअप केला.

कारणं: एक, खाऊन झालंच होतं. दोन, ती आनंदात होती. तीन, थम्सअप म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. त्यात शब्दच नाहीत.

२८ डिसेंबर, रविवार
विनयानं विचारलं, जेवत का नाही? म्हणालो, व्हेगन आहे. ती म्हणाली, भाकरी आणि वांगं व्हेगनच आहे.

संकल्प: उद्या ती आली की सांगणार. आधी आंघोळ करू दे. मग जेवू दे. मग सांगणार.

२९ डिसेंबर, सोमवार, रात्री ९
आली. काळवंडलेली, नाक सोललेलं, उंच झाल्यासारखी. सॅक टाकली आणि मला मिठी मारली. आंघोळ केली. जेवली. मी विषय काढणार तेवढ्यात तीच बोलायला लागली.

म्हणाली, पप्पा, एक सांगू? रागावू नका. दशमी दुधात मळतात हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं ना? मला आलं होतं. मी त्याच दिवशी आत्याला फोन केला आणि गुळाच्या पाण्यात मळ म्हणून सांगितलं. तुम्ही इतके खूश होतात, म्हणून तुम्हाला बोलले नाही.

छातीवरून पोतं उतरलं. मी ओरडलोच, अगं मग मला सांगायचं ना! चार दिवस झोप नाही मला!

विनयानं हातातला तांब्या खाली ठेवला.

इरानं बोटांवर मोजल्यासारखं केलं. मग हळूच विचारलं, चार दिवस? म्हणजे शुक्रवारपासून तुम्हाला वाटत होतं की त्यात दूध आहे?

मी म्हणालो, मी मेसेज लिहिला होता. ती म्हणाली, दाखवा. पुसलेला मेसेज कसा दाखवणार?

तिनं स्वतःचा फोन काढला, शनिवारवर गेली आणि माझ्यासमोर धरला. म्हणाली, मी दिवाळीचं विसरले म्हणाले, त्यावर तुम्ही थम्सअप केलात.

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला मोठ्यानं ओरडता येतं, मी सावरून घेतलं असतं.

दशमीत थेंबभर दूध नव्हतं. मी कुणालाही शपथेवर सांगू शकतो.

३१ डिसेंबर, बुधवार
रविवारी क्लबची सुप्याला एक दिवसाची फेरी आहे. इरा सकाळपासून स्वयंपाकघरात. आक्काला स्पीकरवर घेऊन विचारत होती, पाणी किती, गूळ किती. एक दशमी करून बघायची म्हणे. आक्का सांगत होती, आगं, हातानं कळतंय त्ये, आदी हात घाल तर खरं.

मी दारात उभा राहिलो. मग आत गेलो. विचारलं, काही देऊ का?

पीठ हाताला लागलं होतं म्हणून म्हणाली, गूळ द्या.

फळीवरचा पुडा काढून दिला. तिनं हात धुतले, फडक्याला पुसले. पुडा उलटा केला आणि मागचं सगळं वाचलं. त्यावर एवढंच लिहिलं होतं: घटक, गूळ.

वाचून झाल्यावर घातला.