ताफ्यातलं मागचं जहाज

सर,

तुम्ही नववीत शिकवलेली ती समुद्रातली लढाई आता मी धुळ्याच्या शाळेत शिकवते. इंग्रज आणि डच, दोघंही व्यापारी, दोघांच्याही मागे मालाच्या जहाजांचा ताफा आणि तो राखायला लढाऊ जहाजं. काही तासांत दोन्हीकडची जहाजं इतकी मोडली की कोणालाच पुढे लढवेना. दोघंही आपापल्या बंदरात परतले आणि दोघांनीही आपणच जिंकलो म्हणून जल्लोष केला. तुम्ही फळ्यावर खडूने जहाजं काढत होता. असोद्याहून बसने येणारी मी, केळीच्या ट्रकपलीकडे मालाची वाहतूक मला माहीत नव्हती. मी उभी राहून विचारलं, "सर, मालाच्या जहाजांवरची माणसं तेव्हा काय करत होती?" तुम्ही चिडलात. "परीक्षेत न येणारं विचारून वर्गाचा वेळ घालवू नकोस. बस खाली!" सगळा वर्ग हसला. तास संपेपर्यंत मी मान वर केली नाही.

आठवड्याने तुम्ही मला शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी बोलावलंत. मला वाटलं, पुन्हा बोलणी बसणार. तुम्ही म्हणालात, "मी शोधलं गं. तीन पुस्तकं चाळली. त्या माणसांबद्दल कोणी काही लिहिलेलं नाही. तुझा प्रश्न बरोबर होता." आणि स्वतःचा जुना नकाशांचा संग्रह माझ्या हातात ठेवलात. मी इतिहास घेतला तो त्या दिवसामुळे. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं, आणि तुम्हाला जाऊनही आता वीस वर्षं होऊन गेली.

माझा मुलगा मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. यंदा त्याचं जहाज अशाच एका ताफ्यात होतं. आठ मालवाहू जहाजं, पुढेमागे युद्धनौका. व्यापाराच्या वाटेवरून दोन देशांचं बिनसलेलं, आणि मध्येच दोघांच्या नौका एकमेकींवर तुटून पडल्या. टीव्हीवर दोन्ही देश विजय सांगत होते. इकडे तीन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. तो सुखरूप घरी आला. सासूबाई ताट पुढे सरकवून विचारायच्या, "काय व्हयनं भाऊ? जेव ना." तो अर्धी भाकरी टाकून उठायचा.

तो आल्यावर चौथ्या दिवशी दुपारी मी मेथी निवडत बसले आहे आणि तो समोर येऊन बसतो. एक काडी उचलतो, तिची पानं खुडत राहतो.

"आई, आमच्या मागे एक छोटं जहाज होतं. गोळीबार सुरू झाला आणि त्याचं इंजिन बंद पडलं. ताफ्यात कोणी कोणासाठी थांबायचं नाही, तसा हुकूमच असतो. रेडिओवर मी होतो. तिकडचा माणूस आधी इंग्रजीत, नियमाप्रमाणे बोलत होता. मग एकदम हिंदीत म्हणाला, भाई, अपने कप्तान को बोलो ना, बस दस मिनट."

"तू काय म्हणालास?"

"ठरवून दिलेलं तेच. मदत येतेय, आम्हाला थांबता येणार नाही. तीनदा म्हणालो. आम्ही थांबलो नाही. मग त्याचा आवाजच यायचा बंद झाला."

"मग मदत आली?"

"माहीत नाही. कंपनीला विचारलं. ते म्हणाले, ते आपलं जहाज नव्हतं."

नोकरी सोडतो, म्हणत होता. सोडली नाही. काल त्याला बसमध्ये बसवायला गेले, तेव्हा खिडकीतून त्याने विचारलं, "आम्ही थांबायला हवं होतं ना?" मी म्हटलं, "तुझ्या हातात काय होतं?" तो मान हलवून दुसरीकडे बघायला लागला, आणि बस निघाली.

सर, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहवतं आहे. तो 'आम्ही थांबलो नाही' म्हणाला तेव्हा मला आधी बरं वाटलं. अगदी हायसं वाटलं. रेडिओवरच्या त्या माणसाचीही कुठेतरी आई असेल, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.