पाय लागला होता का?

तुये, पेडणे
सोमवार, सकाळ

प्रिय विनू,

फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितोय, असं तू म्हणशील. फोनवर तू "जेवलात?" विचारतेस, मी "जेवलो" म्हणतो, मग सिद्धी फोन ओढून घेते आणि मला तिचा एक कान आणि श्रीनाथच्या घरातला पंखा दिसत राहतो. नातीचा कान गोड आहे, नाही म्हणत नाही. पण कानाला हॉकी कशी सांगायची? म्हणून कागद घेतला. कंडक्टरचं अक्षर आहे, सांभाळून वाच.

आधी बातमी. आम्ही हरलो. तुझ्या माहेरची डिचोली फायनलला गेली. आता मनातल्या मनात हसू नकोस, सगळ्यांसमोर हास. तालुका लीगची प्ले-ऑफ, तीन रविवार, तीन सामने, म्हापशाच्या टर्फवर. पेडणे विरुद्ध डिचोली म्हणजे आपल्याच घरातलं भांडण, फक्त बावीस जणांनी खेळायचं. पहिला सामना आम्ही दोन-एक जिंकला, दुसऱ्यात तुम्ही आम्हाला तीन-शून्य असं धुतलं, आणि काल तिसरा. माझ्याबरोबर आनंदा होता. तू त्याला पाहिलेलं नाहीस. तू गेल्यानंतर आपल्या मागच्या खोलीत राहायला आला. बेळगावकडचा आहे, इथल्या फॅक्टरीत कामाला, बायको-मुलं गावी. हॉकीचं वेड असं की गावाकडच्या मैदानाचं नाव काढलं तरी याचे डोळे चमकतात. माणूस सोन्यासारखा, पण एक खोट आहे. तो मला मान देतो. मी काहीही म्हटलं तरी "बरोबर हाय काका." मान देणाऱ्या माणसाबरोबर सामना बघण्यात काय मजा आहे, सांग तू.

तुझ्याबरोबर एकही सामना शांततेत बघितल्याचं मला आठवत नाही. लग्न झालं तेव्हा मला हॉकीतलं ओ का ठो कळत नव्हतं. तू डिचोलीच्या शाळेच्या टीमची राइट हाफ, हे मला तुझ्या आईने सांगितलं आणि मला वाटलं, काहीतरी शिवणकामातलं असेल. मग तूच शिकवलंस. ओटीवर बसून काड्यापेटी बॉल आणि लाटणं स्टिक. मी जरा शिकलो आणि लगेच तुझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायला लागलो. पायाला बॉल लागलेला दिसला की मी टीव्हीसमोर उभा राहून "पाय! पाय!" करायचो आणि तू बसल्या जागेवरून सांगायचीस, अहो, पाय लागला म्हणून शिट्टी नसते, पायाने फायदा झाला तर शिट्टी असते. हे वाक्य तू मला किमान हजार वेळा ऐकवलं असशील. मला ते पटायचं, पण कबूल केलं तर भांडण संपलं असतं.

आणि आपला रेफरल! हॉकीत व्हिडिओ बघून निर्णय तपासायची पद्धत आली, तेव्हा तू घरातही तो नियम आणलास. घरात निर्णय मी घ्यायचे आणि तुला वाटलं की चुकलाय, तर तू दोन हातांची टी करून दाखवायचीस. मग पंख्याखाली बसून पुन्हा विचार. तुझं बरोबर निघालं तर रेफरल तुझ्याकडेच राहायचा, चुकलं तर महिनाभर गप्प. तू एकदाही गप्प बसली नाहीस, यातच सगळं आलं. तो दुसरा फ्रीज, माझ्या आतेभावाची स्कूटर, श्रीनाथला सायन्सला घालायचा हट्ट, सगळे माझे निर्णय फिरले. मी तणतणायचो, पण खरं सांगतो, घरात कोणीतरी निर्णय तपासणारं आहे म्हणून मी बेधडक घ्यायचो.

तर कालचं. एक-एक बरोबरी, शेवटची तीन मिनिटं. आमचा कॅप्टन साईश गोलसमोरच्या डीमध्ये घुसला, त्याने मारलेला बॉल तुमच्या बॅकच्या पायाला लागला आणि बाजूला गेला. पेनल्टी कॉर्नर हवाच! अख्खं पेडणे उभं राहिलं. अंपायर वास्कोची एक मुलगी होती, प्रतीक्षा नावाची. तिने हाताने खूण केली, खेळा पुढे. मग काय विचारतेस. माझ्या मागचा एकजण ओरडला, "दिसना गो तुका? पाय लागलो त्याचो!" डिचोलीवाल्यांनी पलीकडून उत्तर दिलं, ते लिहिण्यासारखं नाही. आनंदा हळूच म्हणाला, "आवं काका, आदी काठीला लागलाय की." मी त्याच्याकडे बघितलं, तसा लगेच, "न्हाई न्हाई, पायच हाय." प्ले-ऑफला यंदा कॅमेरे लावून एकेक रेफरल दिला होता, पण आमचा संपला होता. साईशने तो पहिल्याच क्वार्टरमध्ये कुठल्यातरी फालतू धक्क्यासाठी घालवला होता. शूटआउटमध्ये आम्ही हरलो.

परतीच्या बसमध्ये म्हापशापासून पेडण्यापर्यंत तेवढाच विषय. कोणीतरी मोबाइलवर घेतलेला तो तुकडा चाळीस वेळा बघितला, थांबवून, मोठा करून. काठी म्हणणारे चार, पाय म्हणणारे तीस, आणि एक म्हातारा म्हणत होता की अंपायरचं आजोळ डिचोलीत आहे. मी तो तुकडा तुला पाठवला. खाली लिहिलं, "पाय लागला होता का?" घरी पोचेपर्यंत दहा वेळा फोन काढून बघितला. तू उघडलास ते कळलं. आता लिहील, अहो, फायदा झाला का ते बघा. आता फोन करील. जेवण घेतलं आणि तुझं उत्तर आलं. अंगठा.

नुसता पिवळा अंगठा, विनू. तो पायाला होता की काठीला, माझ्या बाजूने होता की डिचोलीच्या, काही कळेना. तुला घाई असेल, सिद्धीला भरवत असशील, मला समजतं. पण मला इतकं एकटं वाटलं की ताट तसंच राहिलं. तू माझ्याशी भांडली नाहीस.

आता एक गोष्ट जी फोनवर सांगितली नसती. सामना संपल्यावर लोक त्या प्रतीक्षाभोवती जमले, नको नको ते बोलले आणि पांगले. मीही बोलायलाच गेलो होतो. पोचलो तेव्हा ती मंडपाच्या कडेला एकटी बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. मी एवढंच विचारलं, बाय, पाय लागला होता का? ती म्हणाली, लागला होता काका, मी बघितला. पण त्याने बॉलची दिशा बदलली असं मला वाटलं नाही. एका क्षणात जे दिसलं ते दिलं. आता विचाराल तर मला खात्री नाही. मग दुसऱ्या बुटाची नाडी ओढत म्हणाली, तुमच्याकडे रेफरल उरला असता तर बरं झालं असतं, मीच सुटले असते. कोणी विचारलंच नाही, तर चुकलेला निर्णयसुद्धा आपल्यालाच सांभाळत बसावं लागतं.

बत्तीस वर्षं बसमध्ये मीही शिट्टीच मारली, पेडणे-वास्को, येऊन-जाऊन. मागच्या दाराशी कोण राहिलं ते न बघता शिट्टी मारली की काय होतं, ते मला तिने सांगायला नको होतं. आठवतं तुला, गणपती पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशी? श्रीनाथ म्हणाला, बाळंतपणाला आई आली तर बरं होईल. तू खाली बसून नारळ खवत होतीस. मी तुझ्याकडे न बघताच म्हटलं, घेऊन जा तिला, सहा महिने काय, वर्ष राहू दे, माझं काय अडतंय! श्रीनाथ खूश झाला. मलाही फार मोठ्या मनाचं वाटलं. खवण्याचा आवाज थांबला होता. मी वळून बघितलं तर तू माझ्याकडे बघत होतीस, दोन्ही हात नारळाच्या वाटीला. मग पुन्हा खवायला लागलीस. मी धरून चाललो की तुझी हरकत नाही.

त्याला आता दोन वर्षं चार महिने झाले. सहा महिन्यांचं वर्ष झालं, मग सिद्धीचे दात, मग तिचं प्लेस्कूल, आणि दर वेळी तू "राहू का अजून?" विचारलंस आणि मी "राहा की, मी मजेत" म्हटलं. मी मजेत नाही. पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला की अजूनही चार उंडे घेतो, दोन खातो, दोन आनंदाला देतो. टीव्हीवर सामना लागला की एकटाच ओरडतो आणि उत्तर येत नाही म्हणून आवाज बंद करून बघतो. तुझी राइट हाफची स्टिक दाराच्या मागे आहे, तिला कोळ्याचं जाळं लागतं, ते मी काढतो. याच्यापुढे लिहायला मला लाज वाटते, तेव्हा इथेच थांबतो.

हे पत्र का लिहिलं, तर त्या दिवशीचं मला एकच विचारायचं आहे. तुझे हात मोकळे असते तर तू टी केली असतीस का? मला माहीत आहे की रेफरल लगेच मागायचा असतो आणि ही वेळ कधीच टळली. पण तुझा रेफरल शिल्लक आहे, तू तो कधीच हरली नाहीस. सिद्धीजवळ तुझा जीव रमला असेल, तर माझा निर्णय बरोबर होता, तो राहू दे, मी पुन्हा विचारणार नाही. पण नसेल रमला, तर हात वर कर. मी सकाळच्या गाडीला म्हापशाच्या स्टँडवर येऊन उभा राहतो. मला तू घरी हवी आहेस. काय वाटेल ते उत्तर दे, विनू, नाही म्हण, रागव, मी चुकलो ते हजाराव्या वेळी समजावून सांग. फक्त अंगठा पाठवू नकोस.

तुझाच,
बाबली